पॅडी चायेफ्स्की : साध्या माणसांचा नाटककार



मुंबईत टेलिव्हिजन सुरू झाला तो २ ऑक्टोबर १९७२ रोजी. त्या वेळी आम्ही शाळेत शिकत होतो. आमच्या चाळीत एकाच बिऱ्हाडात संच होता आणि संध्याकाळ झाली की सारी चाळ त्या खोलीच्या दाराशी जमे. मुले पुढे जमिनीवर, बायका मागे आणि पुरुषमंडळी गॅलरीत उभी. काय दाखवतात याला फारसे महत्त्व नव्हते. चित्र दिसते, हेच मोठे नवल होते. पुढे आम्ही इस्राएलात आलो, येथील शाळेत वर्षानुवर्षे शिकवले आणि निवृत्त झालो. निवृत्त माणसाला टेलिव्हिजनसमोर बसायला वेळ पुष्कळ असतो. तसे बसले असता एक प्रश्न आमच्या मनात वारंवार येतो. या पेटीत पुढारी, गुन्हेगार, लक्षाधीश, नटनट्या हे सगळे दिसतात. पण आपल्या शेजारचा माणूस, जो सकाळी कामावर जातो आणि रात्री आईशी दोन शब्द बोलून झोपतो, तो यात का दिसत नाही?

सत्तरएक वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका यहुदी लेखकाने नेमका हाच माणूस या पेटीत आणून बसवला होता. त्या लेखकाचे नाव पॅडी चायेफ्स्की. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी त्यांचे चित्रपट पाहिले असतील, पण नाव लक्षात राहिले नसेल, कारण पडद्यावर नट दिसतो, लेखक दिसत नाही. म्हणून त्यांची हकिकत सांगण्याचे आम्ही योजले आहे.

सिडनी एरन चायेफ्स्की याचा जन्म २९ जानेवारी १९२३ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात झाला. आईवडील रशियन साम्राज्यातून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. तीन मुलांत सिडनी सर्वांत धाकटा. घरात यिद्दिश भाषा चाले आणि यिद्दिश रंगभूमीची गोडीही होती. वडील दुधाच्या धंद्यात होते आणि काही काळ घरची स्थिती चांगली होती. परंतु १९२९ साली अमेरिकेत शेअरबाजार कोसळला, मोठी मंदी आली आणि या घराचीही घडी विसकटली. ज्या मुलाने भरल्या घराचे रिकामे घर होताना पाहिले आहे, त्याला माणसाची किंमत पैशावर ठरत नाही हे वेगळे शिकवावे लागत नाही.

ब्रॉन्क्समधील डे विट क्लिंटन हायस्कूलमध्ये त्याचे शिक्षण झाले. नंतर तो सिटी कॉलेजात गेला. या कॉलेजात त्या काळी फी नव्हती, त्यामुळे परदेशातून आलेल्या गरीब कुटुंबांतील हुशार मुलांची तेथे गर्दी असे आणि त्यांत यहुदी मुले पुष्कळ असत. १९४३ साली पदवी घेऊन सिडनी बाहेर पडला आणि सरळ सैन्यात दाखल झाला, कारण दुसरे महायुद्ध चालू होते.

पॅडी हे नाव सैन्यातच पडले. ते मूळचे आयरिश कॅथलिक लोकांचे नाव आहे, तेव्हा यहुदी मुलाला ते कसे मिळाले याची एक मौजेची गोष्ट सांगतात. एके पहाटे सिडनीला लष्करी मुदपाकखान्यातले काम लागले. ते टाळण्यासाठी त्याने आपल्याला ख्रिस्ती प्रार्थनेस जायचे आहे अशी सबब सांगितली. अधिकाऱ्याने त्याच्या चेहऱ्याकडे आणि आडनावाकडे पाहिले, थट्टेने त्याला पॅडी म्हटले आणि ते नाव कायमचे चिकटले. पुढे साऱ्या जगाने त्यांना याच नावाने ओळखले.

युद्धात जर्मनीतील आखेन शहराजवळ ते सुरुंगाच्या स्फोटात जखमी झाले. जखमी सैनिकास देतात तो पर्पल हार्ट सन्मान त्यांना मिळाला. इंग्लंडमधील सायरनसेस्टरजवळच्या लष्करी रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी एक संगीत विनोदी नाटक लिहिले. ते सैनिकांपुढे ठिकठिकाणी झाले आणि नाटककार व नट गार्सन कॅनिन यांची त्यांच्याकडे नजर गेली. युद्ध संपल्यावर कॅनिन आणि त्यांची पत्नी रूथ गॉर्डन यांनी या तरुणाला ५०० डॉलर दिले, ते नोकरी न करता नाटक लिहिता यावे म्हणून. दरम्यान त्यांनी आपल्या काकांच्या छापखान्यातही काम केले. तेथील टाइप जुळवणाऱ्या वृद्ध कारागिरांची बोटे आणि त्यांची बोलणी त्यांच्या मनात साठून राहिली.

आम्ही जन्मभर मास्तरकी केली, त्यामुळे त्यांच्या उमेदवारीतील एक गोष्ट आम्हांस फार आवडते. नाटक लिहावे कसे हे शिकण्यासाठी त्यांनी लिलियन हेलमन या लेखिकेचे एक गाजलेले नाटक समोर ठेवले आणि ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत टाइप करून काढले. प्रत्येक वाक्यापाशी थांबून ते वाक्य तेथे का आहे याचा विचार केला. आपण लहानपणी पाटीवर कित्ता गिरवत होतो ना, तसाच हा प्रकार. कित्ता गिरवणे म्हणजे नक्कल, असे म्हणून आजकाल लोक हसतात. परंतु ज्याने मोठेपणी आपणहून कित्ता गिरवला, तो पुढे स्वतःचे अक्षर काढू शकला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता ज्या काळात चायेफ्स्की टेलिव्हिजनकडे वळले तो काळ कसा होता, हे सांगितले पाहिजे. १९५० साली अमेरिकेत शंभर घरांपैकी सुमारे नऊ घरांतच टेलिव्हिजन होता. चित्रे साठवून ठेवण्याची चुंबकीय फीत अजून वापरात आली नव्हती, ती आली १९५६ साली. त्यामुळे जे दाखवायचे ते पुष्कळदा त्याच क्षणी करून दाखवावे लागे. न्यूयॉर्कच्या स्टुडिओंतून दर आठवड्याला नवे नाटक थेट प्रक्षेपित होई. आज एक कथा, पुढच्या आठवड्यात दुसरी. पात्रे निराळी, नट निराळे. कायम राहत असे ते फक्त कार्यक्रमाचे नाव, आणि ते बहुधा पैसे देणाऱ्या कंपनीचे असे. क्राफ्ट या चीजवाल्या कंपनीचा कार्यक्रम १९४७ साली सुरू झाला. फिल्को ही रेडिओ आणि टेलिव्हिजन बनवणारी कंपनी, तिचा १९४८ साली. पुढे टायर बनवणाऱ्या गुडइयर कंपनीने फिल्कोबरोबर आळीपाळीने रविवार रात्र वाटून घेतली.

एका तासाच्या या नाटकासाठी थोड्याच दिवसांची तालीम मिळे. स्टुडिओत स्वयंपाकघर, दिवाणखाना, रस्त्याचा कोपरा हे सर्व देखावे शेजारी शेजारी उभे करत. चाकांवरचे अवजड कॅमेरे जाड तारा ओढत इकडून तिकडे फिरत. दिव्यांची आग अशी की नट घामाने निथळत. जाहिरात चालू असतानाच्या त्या दोन मिनिटांत नट कोट बदलत धावत दुसऱ्या देखाव्यात जाई आणि कॅमेऱ्याचा दिवा लागताच जणू सकाळपासून तेथेच बसला आहे असा बोलू लागे. वाक्य विसरले तर ते लाखो लोकांसमोर विसरले. पुन्हा करण्याची सोय नव्हती. आपल्या रंगभूमीवरही पुन्हा करण्याची सोय नसते, पण तेथे प्रयोग चुकला तरी उद्याचा प्रयोग असतो. येथे पहिला प्रयोग तोच शेवटचा. मागे उरे ती पडद्यासमोर कॅमेरा लावून घेतलेली धुरकट फिल्म. तिला कायनेस्कोप म्हणत.

अशा अडचणीत मोठमोठ्या लढाया, घोडेस्वार, समुद्र दाखवणे शक्यच नव्हते, आणि पडदाही लहान असे. त्या पडद्यावर सैन्य मुंग्यांसारखे दिसले असते, पण माणसाचा चेहरा बरोबर मावत होता. ही गोष्ट दोन माणसांनी नीट ओळखली. एक फिल्कोचे निर्माते फ्रेड को, आणि दुसरे चायेफ्स्की. को यांनी नव्या लेखकांना बोलावले, त्यांचे नाव ठळकपणे पुढे आणले आणि त्यांना हवे ते लिहू दिले. हॉर्टन फूट, टॅड मोझेल असे कितीतरी लेखक त्यांच्या हाताखाली तयार झाले. चायेफ्स्की यांनी या लहान पडद्यासाठी लहान माणसे निवडली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माणसे खरोखर जशी बोलतात, एकच गोष्ट तीनदा विचारतात, उत्तर द्यायचे टाळतात, तसेच संवाद त्यांनी लिहिले.

त्यांचे पहिले मोठे नाव झाले ते १९५२ च्या सप्टेंबरात, 'हॉलिडे साँग' या नाटकाने. ही कथा आपल्या वाचकांना जवळची वाटेल. रोश हशाना, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या भाषेत नव्याचा सण, तोंडावर आला आहे. एका सिनेगॉगच्या वृद्ध हजानाचा देवावरचा विश्वास उडाला आहे. ज्याच्या मनात देव उरला नाही त्याने सणाच्या प्रार्थना गाव्यात कशा? सल्ला घेण्यासाठी तो शहरातल्या एका विद्वान रब्बीकडे निघतो. भुयारी रेल्वेच्या स्टेशनावर एक पहारेकरी त्याला चुकीच्या गाडीत बसवतो. तेथे त्याला जीव द्यायला निघालेली एक स्त्री भेटते. युरोपातील छळछावणीतून ती वाचली आहे आणि आपला नवरा मेला असे समजून चालली आहे. पुन्हा तोच पहारेकरी, पुन्हा चुकीची गाडी, आणि या वेळी भेटतो तो बायको गमावलेला एक निर्वासित. हजानाच्या लक्षात येते की हे दोघे पतिपत्नी आहेत. आणि नंतर कळते की त्या फलाटावर पहारेकरी कधी नेमलेलाच नव्हता. महायुद्ध संपून सातच वर्षे झाली होती. त्या वर्षी ही कथा घराघरांत दिसली तेव्हा ती केवळ करमणूक नव्हती, हे सांगावयास नको.

आणि मग आला 'मार्टी'. नाटकाची तालीम न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या नाचाच्या दिवाणखान्यात चालू होती. तेथे रात्री एकटे स्त्रीपुरुष ओळख करून घेण्यासाठी जमत असत. भिंतीवर मुलींसाठी एक सूचना लावलेली होती : जो पुरुष विचारील त्याच्याबरोबर नाच करावा, कारण पुरुषांनाही मन असते. शेकडो लोकांनी ती पाटी पाहिली असेल आणि पुढे गेले असतील. चायेफ्स्की तिच्यापाशी थांबले. प्रथम त्यांना वाटले की येथे येणाऱ्या मुलीवर लिहावे. मग वाटले, नाही, नकार ऐकून भिंतीला टेकून उभा राहणारा जो पुरुष, त्याच्यावर लिहावे.

मार्टी हा ब्रॉन्क्समधला छत्तीस वर्षांचा इटालियन खाटीक. अंगाने जाडजूड, दिसायला साधा, स्वभावाने सोन्यासारखा. धाकट्या भावंडांची लग्ने झाली, हा राहिला. दुकानात येणारी प्रत्येक बाई त्याला लग्नाचे विचारते आणि हसते. शनिवारची संध्याकाळ आहे. तो एका मुलीला फोन करतो, ती टाळते. आई म्हणते, नाचाला जा. तो चिडतो, मनातले सगळे दुःख आईपुढे ओततो आणि शेवटी आईसाठी जातो. तेथे त्याला एक शिक्षिका भेटते. तिला ज्याने नाचाला आणले त्यानेच ती सुंदर नाही म्हणून टाकून दिले आहे. दोघे रात्रभर बोलत राहतात. मार्टी आनंदाने घरी येतो. पण दुसऱ्या दिवशी आईला भीती वाटू लागते की सून आली तर आपल्याला घराबाहेर काढतील, कारण मावशीच्या घरी तेच घडले आहे. मित्र त्या मुलीच्या रूपाची टिंगल करतात. मार्टी दिवसभर फोन करत नाही. संध्याकाळ होते आणि मित्र नेहमीसारखे आज काय करायचे याची निरर्थक चर्चा करू लागतात. तेव्हा एकाएकी त्याच्या लक्षात येते की आपण दुसऱ्यांच्या मतासाठी आपले सुख घालवत आहोत. तो उठतो आणि फोनकडे जातो. बस्स, एवढीच गोष्ट. लग्न होते की नाही, हे नाटक सांगत नाही.

रविवार, २४ मे १९५३ रोजी हे नाटक थेट प्रक्षेपित झाले. दिग्दर्शक डेल्बर्ट मान, मार्टी झाला रॉड स्टायगर आणि शिक्षिका झाली नॅन्सी मर्चंड. तालमीत स्टायगरला रडू आवरत नसे, असे सांगतात. त्या रात्री कोणाचा खून झाला नाही, कोणी राजा सिंहासनावरून उतरला नाही. एका खाटकाने फोन उचलला, आणि देशभर हजारो घरांत लोकांना वाटले की ही आपली किंवा आपल्या भावाची गोष्ट आहे. वाचकहो, आपल्या समाजातही अशी घरे आपण पाहिली आहेत. नव्या देशात आलेला, भाषा अर्धीमुर्धी येणारा, कारखान्यात पाळी करणारा आणि लग्नाचे विचारले की हसून विषय बदलणारा मुलगा कोणी पाहिला नाही?

त्या दोन-तीन वर्षांत चायेफ्स्की यांनी अशी अनेक नाटके लिहिली. 'प्रिंटर्स मेझर' मध्ये हाताने टाइप जुळवणारा एक वृद्ध कारागीर आहे. छापखान्यात नवे लायनोटाइप यंत्र येते आणि त्याच्या जन्मभराच्या कौशल्याची गरज उरत नाही. रागाच्या भरात तो घण घेऊन त्या यंत्रावर धावतो. काकांच्या छापखान्यात पाहिलेले असे त्यांनी उपयोगात आणले. १९५४ च्या 'द मदर' मध्ये सहासष्ट वर्षांची एक विधवा आहे. मुलगी तिला आपल्या घरी आणू पाहते, पण म्हातारीला कोणावर ओझे व्हायचे नाही. ती पूर्वीप्रमाणे शिवणाच्या कारखान्यात काम शोधते. काम मिळते, पण हात आता पहिल्यासारखे चालत नाहीत. ती गठ्ठाभर बाह्या शिवते, त्या सगळ्या एकाच हाताच्या. तिला काढून टाकतात. एक रात्र ती मुलीकडे राहते आणि सकाळी पुन्हा काम शोधायला बाहेर पडते. आमच्या माहितीतील अनेक आज्या आम्हांस या नाटकात दिसतात. तिची दया करा असे लेखक कोठेही म्हणत नाही. तिचा मान राखा, एवढेच त्याचे मागणे आहे.

१९५५ साली 'मार्टी' चा चित्रपट झाला. लेखक चायेफ्स्कीच आणि दिग्दर्शक मानच. मुख्य भूमिकेत अर्नेस्ट बोर्गनाइन हे नट होते. त्यापूर्वी प्रेक्षक त्यांना दुष्टाच्या भूमिकांसाठी ओळखत. खर्च साडेतीन लाख डॉलरच्या आसपास, म्हणजे हॉलिवूडच्या मानाने चणे-फुटाणे. परंतु फ्रान्समधील कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, आणि ऑस्करमध्ये उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट आणि पटकथा अशी चार पारितोषिके मिळाली. टेलिव्हिजनच्या त्या लहान पडद्याने प्रथमच मोठ्या पडद्याला आपली कथा दिली आणि मान खाली घालायला लावली.

पण गंमत पाहा, विजयाच्या याच वर्षी त्या थेट नाटकांच्या काळाला उतार लागला. १९५५ साली शंभरांपैकी सुमारे पासष्ट घरांत टेलिव्हिजन पोहोचला, १९६० साली सत्त्याऐंशी घरांत. प्रेक्षक वाढले तशी जाहिरातदारांची भीतीही वाढली. आमचा साबण, आमची मोटार घेतली की जीवन सुखी होईल असे सांगणाऱ्या जाहिरातीशेजारी एकाकी खाटीक आणि काम गेलेली म्हातारी शोभेनात. १९५५ च्या जूनमध्ये मोठ्या रकमेच्या प्रश्नमंजुषेचे वेड सुरू झाले, आणि त्यांतल्या कित्येकांची उत्तरे आधीच पढवलेली होती असे पुढे उघडकीस आले. शिवाय हॉलिवूडमध्ये फिल्मवर केलेल्या मालिका पुन्हा पुन्हा दाखवून पुन्हा पुन्हा पैसा मिळे. एकदाच होऊन संपणारे नाटक हिशेबात बसेना. फिल्कोने १९५५ सालीच हात काढून घेतला. साठ साल उजाडेपर्यंत तो प्रकार जवळजवळ संपला.

चायेफ्स्की रंगभूमीकडे वळले. तेथे ते आपल्या धर्माच्या परंपरेकडे अधिक मोकळेपणाने गेले. १९५९ सालच्या 'द टेन्थ मॅन' या नाटकात लाँग आयलंडवरील एका लहानशा सिनेगॉगमध्ये सकाळच्या प्रार्थनेसाठी काही वृद्ध जमले आहेत. मिनियानला एक माणूस कमी पडतो. म्हणून रस्त्यावरून एका तरुण वकिलाला ओढून आणतात, ज्याचा कशावरच विश्वास उरलेला नाही. त्याच दिवशी एका वृद्धाच्या नातीच्या अंगात दिब्बूक, म्हणजे मृताचा आत्मा, शिरला आहे अशी समजूत होऊन तो काढण्याचा विधी होतो. शेवटी विधीने मूर्च्छित होऊन पडतो तो वकील, आणि त्याच्या मनातले जे भूत निघून जाते ते प्रेम करता न येण्याचे असते. हे नाटक ६२३ प्रयोग चालले. कोकणातल्या गावी दहावा माणूस येईपर्यंत ओटीवर बसून वाटेकडे डोळे लावणारे आपले वडीलधारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या नाटकाचे मर्म समजावून सांगण्याची गरज नाही. दहावा कोणीही असो, विद्वान असो की अडाणी, त्याच्यावाचून अडते. मार्टीची गोष्ट तरी दुसरे काय सांगते?

१९६१ साली त्यांचे 'गिडिऑन' आले. शास्ते या पुस्तकातील गिदोनाची ती कथा. तीनशे माणसे घेऊन मिद्यान्यांचा पराभव करणारा गिदोन त्यांनी मोठा वीर म्हणून रंगवला नाही. साधा, गोंधळलेला शेतकरी म्हणून रंगवला. देव आपल्याला का निवडतो हेच त्याला कळत नाही, आणि विजय मिळाल्यावर त्याला त्यातले थोडे श्रेय स्वतःसाठी हवेसे वाटते.

त्यानंतरचे चायेफ्स्की निराळे आहेत. १९७१ च्या 'द हॉस्पिटल' या चित्रपटात त्यांनी मोठ्या रुग्णालयाच्या बेफिकीर कारभारावर कोरडे ओढले आणि दुसरे ऑस्कर मिळवले. १९७६ साली आला 'नेटवर्क'. दिग्दर्शक सिडनी ल्युमेट, तेही थेट टेलिव्हिजनच्या काळातच तयार झालेले. या चित्रपटात नोकरी जाऊ घातलेला बातम्या सांगणारा एक वयस्क माणूस प्रक्षेपण चालू असताना आपण आत्महत्या करणार असे जाहीर करतो. त्याला थांबवण्याऐवजी कंपनी पाहते की प्रेक्षक वाढले. त्याच्या वेडाचा कार्यक्रम करतात, आणि प्रेक्षक घटू लागल्यावर त्याला कार्यक्रमातच ठार करवतात. त्या वेळी लोकांना ही अतिशयोक्ती वाटली. आज ती तशी वाटत नाही. चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली. मुख्य नट पीटर फिंच १९७७ च्या जानेवारीत वारले होते, त्यांचे पारितोषिक मृत्यूनंतर दिले गेले. चायेफ्स्की यांचे हे पटकथेचे तिसरे ऑस्कर. तिन्ही पटकथा त्यांनी एकट्याने लिहिलेल्या.

पुष्कळ टीकाकार 'नेटवर्क' ला त्यांची सर्वश्रेष्ठ कृती मानतात. आमचे मत तसे नाही. त्यात पात्रे भाषणे करतात, आणि ती भाषणे विलक्षण आहेत यात शंका नाही. परंतु 'मार्टी' मध्ये माणसे बोलतात. भाषण करणाऱ्याचे सगळे ऐकतात. ज्याला धड बोलताही येत नाही त्याचे ऐकून घेणे हे अधिक कठीण काम, आणि ते चायेफ्स्की यांनी तिशीच्या वयात करून दाखवले होते. मात्र 'नेटवर्क' मधला राग समजून घेण्यासाठी 'मार्टी' पाहिला पाहिजे. ज्या पेटीत आपण एकेकाळी माणूस बसवला तेथे आता फक्त बाजार बसला आहे, असे पाहणाऱ्याचा तो राग होता. परक्याला एवढा राग येत नाही.

यहुदी समाजाच्या प्रश्नांत त्यांनी लक्ष घातले. सोव्हिएत रशियातील यहुदी लोकांसाठी १९७१ साली ब्रुसेल्स येथे जी परिषद भरली तिला ते गेले होते. १९७८ च्या ऑस्कर समारंभात अभिनेत्री व्हेनेसा रेडग्रेव्ह यांनी, पॅलेस्टिनींवरील त्यांच्या माहितीपटावरून निदर्शने करणाऱ्या झायोनिस्टांबद्दल कठोर शब्द वापरले. त्याच रात्री पुढे व्यासपीठावर आलेल्या चायेफ्स्की यांनी, पारितोषिकाच्या प्रसंगाचा राजकीय प्रचारासाठी उपयोग करणे आपल्याला पसंत नाही, साधे आभार मानले असते तरी पुरे होते, अशा अर्थाचे सुनावले. सभागृहात टाळ्या झाल्या. मागून येऊन कुजबुजण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

शेवटचे काम मात्र कटुतेत गेले. १९७८ साली त्यांनी 'ऑल्टर्ड स्टेट्स' ही एकमेव कादंबरी लिहिली आणि तिची पटकथाही केली. परंतु दिग्दर्शक केन रसेल यांच्याशी त्यांचे पटले नाही. १९८० साली चित्रपट आला तेव्हा त्यांनी आपले प्रसिद्ध नाव त्यावर येऊ दिले नाही. त्याऐवजी घातले सिडनी एरन, म्हणजे आईवडिलांनी ठेवलेले नाव. पुढच्याच वर्षी, १ ऑगस्ट १९८१ रोजी, कर्करोगाने न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ५८. मागे पत्नी सुझन आणि मुलगा डॅन होते.

त्या थेट नाटकांपैकी पुष्कळशी हवेत विरून गेली. 'मार्टी' ची कायनेस्कोप फिल्म सुदैवाने शिल्लक आहे. चित्र धुरकट आहे, देखाव्याच्या भिंती पुठ्ठ्याच्या आहेत हे समजते. तरीही आईपुढे उभा राहून आपल्याला पुन्हा दुःख नको असे सांगणारा तो जाडजूड खाटीक पाहताना आमचे डोळे भरून आले.

वाचकहो, आपल्या घरातही अशी नाटके रोज थेट चालू असतात आणि त्यांची फिल्म कोणी घेत नाही. रेवदंड्याच्या, पेणच्या, भायखळ्याच्या आठवणी सांगणारी आजी एकच गोष्ट तिसऱ्यांदा सांगू लागते आणि आपण टेलिव्हिजनचा आवाज वाढवतो. चायेफ्स्की यांचे चरित्र लिहिताना आम्हांस स्वतःची लाज वाटली, कारण आम्हीही तसेच करत आलो. शब्बाथ उतरला की एखाद्या रात्री पेटी बंदच ठेवावी, खुर्ची आजीजवळ ओढावी आणि तिची गोष्ट शेवटपर्यंत ऐकावी. ती एकदाच होणारी आहे.